कमरेत अर्धा इंच

८ मे

ताई, नमस्कार.

फोन न करता पत्र का, म्हणून रागावू नका. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि चिमणी दिवसभर तिथेच लोळत असते. शिवाय मी रोज पोस्टात हजार लोकांची पत्रं गल्लीनिहाय लावते, त्यात एक माझं गेलं तर कुणाचं बिघडणार नाही.

चिमणीचंच लिहायचं आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तुमच्या भावानं हे नाव ठेवलं, आणि आता ती दारातून आत येताना मान झुकवते. फेब्रुवारीत सतरा पूर्ण झाली. डोक्यात एकच खूळ, मॉडेल व्हायचं. आरशासमोरून उठली की खिडकीच्या काचेसमोर.

गेल्या महिन्यात बाजारात एक माणूस भेटला. म्हणाला, मुलगी फार पुढे जाईल, आधी अल्बम करावा लागेल, फोटोला तिला एकटीलाच पाठवा, आई बरोबर असली की मुली अवघडतात. मी त्याला असं काही सुनावलं की भाजीवाले तराजू खाली ठेवून ऐकत होते. तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी बापाकडे मागते.

तुमचे भाऊ काय, बस डेपोत लावली की आले, जेवले, झोपले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताईला विचार." म्हणून विचारते. तुम्ही इतकी वर्षं कपड्यांच्या मोठ्या कंपनीत आहात. ही आता ऐकायची नाही, हे मला कळून चुकलंय. कुणाचा तरी हात धरून जायचंच असेल तर तो हात आपल्या माणसाचा असावा. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, पण मग ते तिलाच लिहा. माझ्या 'नाही'ला या घरात आता कुणी विचारत नाही.

तुमची,
वहिनी


१७ मे

वहिनी,

त्या माणसाला हाकललंस ते उत्तम केलंस. मी असते तर तराजूसकट हाकलला असता.

आधी एक गैरसमज काढून टाक. मी त्या जगात नाही, त्या जगाच्या उलट्या बाजूला आहे, जिथे शिवण दिसते. आमच्या सॅम्पल रूममध्ये सहा मशिनी, कापायचं एक लांब टेबल आणि एक मास्तर. नवा कपडा बाजारात जाण्याआधी त्याचा पहिला नमुना आम्ही शिवतो. मॉडेल मुली मला दिसतात त्या पाठमोऱ्या, आणि तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या असतात.

पण वीस वर्षं कान उघडे ठेवलेत. जी एजन्सी आधी पैसे मागते ती एजन्सीच नव्हे. अल्बम-बिल्बम काही लागत नाही. चिमणीला खिडकीजवळ उभी करा आणि चार साधे फोटो काढा, केस मागे बांधून, तोंडाला काही न फासता. उंची खरी लिहा, आईच्या कौतुकाची नको. अठरा होईपर्यंत प्रत्येक कागदावर तुमच्यापैकी एकाची सही लागेल. आणि जिथे हिचे फोटो निघतील तिथे मी दाराशी स्टूल टाकून बसणार. ज्यांना हे चालत नाही, ते आपल्याला चालत नाहीत.

सुट्टीत पाठव. माझ्या दोन खोल्या, एकीत मी आणि एकीत मशीन. मशीन सरकवीन. काही जमलं नाही तर चार दिवस हिंडून परत येईल आणि मीठ तुझ्याकडे मागायला लागेल.

कुणीतरी येणार म्हणून कालच पडदे धुतले. किती वर्षांनी, ते विचारू नकोस.

ताई


६ जून

ताई,

चिमणीला बसमध्ये बसवून आत्ताच पोस्टात आले. हे पत्र तिच्यामागून एक दिवसानं पोहोचेल.

फोटो तुमच्या भावानं काढले. पहिल्या पाचांत तिचं डोकंच नाही. सहाव्यात डोकं आलं तर पाय गेले. "एवढी उंच पोर एका फोटोत मावणार कशी," म्हणाले, आणि कॅमेरा घेऊन मागे सरकत सरकत बादलीत बसले. ताई, महिन्याभरानं पोरगी हसली. मलाही हसू आवरेना. मग जो फोटो निघाला तोच सगळ्यांत चांगला आहे, तिच्या बॅगेत वर ठेवलाय.

तिला सकाळी दोनदा हाक मारावी लागते. दूध प्यायची कुरकुर करते पण पिते. शाळेचं शेवटचं वर्ष बाहेरून दिलं तरी चालेल असं ती म्हणते. तेवढं मात्र तिच्याकडून करून घ्या. बाकी तुमच्या हवाली.

वहिनी


३० जून

वहिनी,

तीन ठिकाणी नेलं. पहिल्या ठिकाणी एका पोरसवदा बाईनं फोटो पत्त्यांसारखे पिसले आणि "दात" एवढाच शब्द बोलली. दुसरीकडे खांदे रुंद निघाले. तिसरीकडे एक चष्मेवाली बाई होती, तिनं चिमणीला चालायला लावलं, वळायला लावलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "चेहरा आहे. कमरेतून दोन इंच कमी झाले की ये." जसं काही कोटाची बाही आखूड करायची आहे. मी म्हटलं, "अहो, तिचं वाढीचं वय आहे." तर म्हणे, "म्हणूनच आत्ता सांगते."

बाहेर पडल्यावर चिमणी हसली. जिन्यात दोन मजले उतरली आणि मधल्याच पायरीवर बसली. मीही बसले. माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. 

घरी बसून काय करेल, म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेले. आमच्याकडे फिटिंगला येणारी मुलगी नेमकी लग्न होऊन गेली होती आणि मास्तर वैतागलेले. त्यांनी चिमणीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "टेप लावा बरं." वहिनी, छाती, कंबर, खांदा, कंपनीचं चौतीस नंबरचं माप जसंच्या तसं. मास्तरांनी पेन्सिल कानामागून काढली आणि परत ठेवली. एवढा आनंद त्यांना मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

काम असं, की नमुन्याचा कपडा हिनं घालायचा, लाकडी ठोकळ्यावर उभं राहायचं, आम्ही टाचण्या लावायच्या. दिवसाचे चार तास. फोटो नाहीत, दिवे नाहीत, पण याला फिटिंग मॉडेलच म्हणतात. खोलीत मास्तर सोडले तर सगळ्या बायका, आणि मी कायम तिथेच. तुमची सही लागेल. कागद सोबत पाठवलाय.

ताई


११ जुलै

ताई,

सही करून पाठवतेय. यांनी तर कागद वाचलाही नाही. "ताई आहे ना," म्हणाले.

मी मात्र दोनदा वाचला. त्यात एक ओळ आहे, 'माप कायम राहणे आवश्यक'. याचा अर्थ काय तो कळवा. माणसाचं माप कायम कसं राहील? की ती कपड्यांबद्दलची ओळ आहे?

वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. हिवाळ्याच्या कोटांचं काम आलंय.

त्या ओळीची काळजी करू नकोस, ती सगळ्यांच्याच कागदात असते. दर सोमवारी मी तिला टेप लावते आणि मास्तर वहीत लिहितात, एवढंच. माप अगदी जागेवर आहे.

तुझी पोरगी हुशार निघाली. बाकीच्या मुली नुसत्या उभ्या राहतात. ही सांगते, "आत्या, हात वर केला की काखेत ओढतंय," आणि उसवून बघितलं तर खरंच तिथे चूक असते. परवा डिझायनर बाईंनी मास्तरांना सोडून हिला विचारलं, "तुला कसं वाटतं?" मास्तर दिवसभर फुगून बसले. सगळे तिला 'चौतीस' म्हणतात. सुरुवातीला मला ते खटकलं, पण ती ओ देते आणि हसते.

संध्याकाळी अभ्यासाला बसते. मी तिच्या शेजारी काज करत बसते. जेवण थोडं कमी झालंय, कामावरच्या मुलींबरोबर काहीतरी खाऊन येते म्हणते. या वयात असंच असतं.

सगळं छान चाललंय.

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

चिमणी चार दिवस राहून आज परत गेली. हे पत्र मुद्दाम फोन टाळून लिहितेय, कारण फोनवर मी ओरडेन.

तुम्ही 'जेवण थोडं कमी' असं लिहिलं होतं. चार दिवसांत ती माझ्यासमोर जे जेवली ते मी एका मुठीत धरू शकले असते. ताटात सगळं इकडून तिकडे सरकवते आणि खाल्ल्यासारखं करते. पोस्टातल्या साहेबांना फाइल हलवताना मी वीस वर्षं बघतेय, मला फसवते होय? दोन स्वेटर घालून उन्हात बसली तरी बोटं गार. तिच्या केसांना तेल लावताना मी मानेला हात लावला आणि हात तसाच राहिला. हातांवर बारीक लव आलीय, तान्ह्या बाळाला असते तशी. पाळी दोन महिने नाही. हे तिनं मला सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा भिंतीकडे बघून मान हलवली.

तुमचे भाऊ तिला बसमध्ये चढवताना तिची बॅग हातातून सोडत नव्हते.

ती तुमच्या घरात राहते. टेप तुम्ही लावता. तुम्हाला दिसलं नाही, असं मला सांगू नका. काय दिसलं ते सांगा.

वहिनी


२८ नोव्हेंबर

वहिनी,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. फोनवर तुला 'चक्कर येऊन पडली, तू ये' एवढंच सांगितलं. तू उद्या दुपारी पोहोचशील. तुझ्या तोंडावर हे मला सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते आणि तू आलीस की हातात देते.

तू विचारलंस काय दिसलं. ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी टेप अर्धा इंच पुढे गेली. सतरा वर्षांच्या मुलीचं अंग भरणारच, त्यात वावगं काही नव्हतं. पण आमच्याकडे अर्धा इंच वाढलं की दुसरी मुलगी शोधतात. मी टेप जराशी ओढली आणि मास्तरांना जुनाच आकडा सांगितला. पुढच्या सोमवारी पुन्हा. सप्टेंबरात तुला लिहिलं ना, माप जागेवर आहे. ते असं जागेवर होतं.

तिचं काम जाऊ नये म्हणून करतेय, असं मी स्वतःला सांगत होते. वहिनी, ते खरं नाही. काम गेलं असतं तर ती तुझ्याकडे परत आली असती. संध्याकाळी जिन्यात तिची पावलं वाजायची, कुणीतरी "आत्या, दार" म्हणायचं. मला त्याची सवय झाली होती.

ऑक्टोबरात टेप आपोआप मागे आली. ओढावी लागेना. मला वाटलं, सुटले बाई. तिच्या ताटाकडे मी बघतच नव्हते असं नाही. बघायचे आणि नजर काढून घ्यायचे.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी तिला विचारणार होते. धीर झाला नाही. म्हटलं, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी ती ठोकळ्यावरून पडली. पडताना तिनं आवाजसुद्धा केला नाही. कोटात टाचण्या होत्या, त्या तिला चार ठिकाणी लागल्या, तरी हलली नाही.

काल सलाईन चालू असताना मी म्हटलं, "असं का केलंस गं? मला सांगायचंस."

म्हणाली, "तू टेप ओढायचीस ते मला कळायचं ना, आत्या. पोटाला कळतं. तू माझ्यासाठी दर सोमवारी खोटं बोलतेस असं वाटायचं. म्हटलं, आपण ते खरं करून टाकू."

मग थोड्या वेळानं विचारलं, "ऑक्टोबरपासून ओढावी लागली नाही ना?"

मी नाही म्हटलं. ती समाधानानं झोपली, वहिनी. शाबासकी मिळाल्यासारखी.

डॉक्टर म्हणतात, हृदयाचे ठोके फार हळू पडतायत, खूप दिवस सांभाळावं लागेल. तू तिला घेऊन जा.

ताई


३ मार्च

ताई,

दवाखान्याच्या दारात मी तुम्हाला म्हटलं होतं, पुन्हा तोंड दाखवू नका. ते शब्द मी मागे घेतलेले नाहीत. पण लिहिण्यावाचून इलाज उरला नाही.

डिसेंबर, जानेवारी मी बिनपगारी रजा घेतली. चमच्यानं भरवलं. एका वाटीला एक तास. जेवण झाल्यावर तिच्या शेजारी बसून राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही दोघी भिंतीला टेकून बसायचो, पत्ते खेळायचो. ती मला जिंकू द्यायची. जानेवारीच्या शेवटी गालांवर थोडा रंग आला. मी यांना म्हटलं, "पोर परत येतेय." ते म्हणाले, "हळू बोल."

त्याच दिवसांत ती तुमच्या त्या चष्मेवाल्या बाईला पत्र लिहीत होती. फोटोसकट. ते पाकीट माझ्याच टेबलावरून गेलं असणार, माझ्याच हातानं शिक्का मारून. उत्तरही आलं. 'आता अगदी योग्य' असं त्यात लिहिलंय. ते पत्र ती इथेच टाकून गेली.

कारण ती गेली, ताई. एकोणीस फेब्रुवारीला अठरा पूर्ण झाले आणि बावीसला गेली. आता तिच्या कागदावर आमची सही लागत नाही.

यांच्याच बसनं गेली. तिकीट काढून यांच्या मागच्या सीटवर बसली, पाच तास. घरी आल्यावर मी विचारलं, "थांबवली का नाही?"

"चाळीस माणसं होती बसमध्ये."

"तुमची मुलगी होती."

मग म्हणाले, "आरशात बघत होतो. वाटलं, एकदा वर बघेल. उतरताना म्हणाली, बाबा, सावकाश जा." त्यानंतर त्यांनी त्या रस्त्याची बस सोडली. आता गावातल्या गावात फिरवतात.

मी जाऊन आले. दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "आई, तू मला भरवशील. जा." मी दाराबाहेर दोन तास उभी होते.

पत्ता खाली लिहिलाय. तुम्ही जा. ती दार उघडेल ते तुम्हालाच, हे लिहिताना माझी बोटं जळतायत. ती जेवते का, एवढंच बघून कळवा.

वहिनी


२९ मार्च

वहिनी,

काल जाऊन आले.

चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत पाच मुली. भिंतीला पाच आरसे, बसायला एक खुर्ची. चिमणीनं दार उघडलं, "आत्या, ये," म्हणाली, जशी मी रोज येत होते. खुर्ची मला दिली. पाणी आणायला गेली तेव्हा फ्रिजमध्ये डोकावले. पाण्याच्या बाटल्या आणि अर्धं लिंबू. तू विचारलंस जेवते का. नाही.

तुझ्याकडे जे काही भरलं होतं ते सगळं गेलंय. खांद्याची हाडं ब्लाउजच्या आतून हँगरसारखी दिसतात. मात्र काम मिळतंय. एका मासिकात आलीय, ते तिनं मला दाखवलं. फोटो सुंदर आहे, वहिनी, खोटं कशाला बोलू. मी त्यात तिचे हात बघत होते. लव पुसून काढलीय.

मी पिशवीतून डबा काढला. म्हणाली, "ठेव, मुली खातील." मी म्हटलं, "आई दोन तास उभी होती गं बाहेर." म्हणाली, "मीही आत उभी होते."

मग म्हटलं, "चिमणे, मी चुकले. तेव्हा टेप ओढली ते माझं पाप. तू परत चल, मला हवी ती शिक्षा कर." पाया पडायचं तेवढं राहिलं होतं. ती खिडकीत बसून ऐकत होती, शांतपणे, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं ऐकावं तसं.

म्हणाली, "तू नाही चुकलीस. तूच एकटी होतीस माझ्या बाजूनं."

मी निघाले तर दारापाशी आली. हातात एक काळा स्कर्ट होता. "आत्या, हा कमरेत ढिला होतोय. उद्या घालायचाय. आत घेऊन देतेस?"

मी स्कर्ट हातात धरून उभी राहिले. नाही म्हटलं असतं तर तिनं हसून ठीक आहे म्हटलं असतं आणि पुन्हा ते दार उघडलं नसतं. हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. सुईदोरा माझ्या पर्समध्ये असतोच. मी खुर्चीवर बसले आणि आत घेऊन दिला. दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा इंच. माझ्या हातून एवढी सरळ शिवण कधी पडली नव्हती.

तिनं घालून बघितला, वळून दाखवला. म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी येशील? अजून दोन आहेत."

मी येते म्हणाले. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण.

ताई


४ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. स्कर्टापर्यंत आले आणि थांबले. पुढचं त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, मग घडी करून मला परत दिलं आणि कामावर गेले.

तुम्हाला वाट्टेल ते लिहायचं असं मी ठरवलं होतं. दोन दिवस पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. काल पत्रं लावता लावता माझ्या लक्षात आलं, की तिथे मी असते आणि तिनं माझ्यासाठी दार उघडलं असतं, तर मीही शिवून दिला असता. मला तर शिवताही येत नाही.

शुक्रवारी जा. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही जा. डबा न्या, मुलींनी खाल्लं तरी चालेल. जेवणाचं काढू नका, परत ये म्हणू नका, माझं नाव काढू नका. ती देईल ते शिवून द्या.

फक्त किती आत घेतलं ते प्रत्येक वेळी मला लिहून कळवा. खरं माप लिहा.

वहिनी